गेदेची काळी माती : प्रस्तावना

मराठीत ‘राख’ हा शब्द उच्चारला की प्रथम चूल डोळ्यांपुढे येते, नंतर स्मशान. आणि वाचक मावळातला किंवा कोकणातला असेल तर उन्हाळ्यातला राब. शेण, पालापाचोळा आणि तोडलेले टहाळ यांचे थर दाढीवर, म्हणजे रोपांच्या वाफ्यावर, पसरून ते भाजावयाचे आणि त्या राखेत भाताचे बी टाकावयाचे, ही वहिवाट इतकी जुनी आहे की, राख म्हणजे जळून गेलेल्या सजीवांचा अवशेष आणि म्हणूनच पुढच्या पिकाचे खाद्य, हा अर्थ आमच्या भाषेच्या अंगात मुरून गेला आहे. ज्वालामुखीच्या तोंडातून जे उधळते त्यालाही आम्ही हाच शब्द लावला आणि एका गैरसमजास सनद दिली. तेथे काहीच जळालेले नसते. भूगर्भातील वितळलेल्या खडकात पाण्याची वाफ आणि इतर वायू मुरलेले असतात; तो रस वर चढू लागला आणि डोईवरचा दाब ओसरला की हे वायू एकाएकी फुगतात, रसाचा फेस होतो, फेसाच्या चिंधड्या उडतात, आणि त्या चिंधड्या हवेत इतक्या त्वरेने थिजतात की त्यांतील अणूंना स्फटिकाच्या शिस्तीत उभे राहण्यास अवसरच मिळत नाही. जे खाली पडते त्यात फेल्डस्पार, पायरॉक्सिन अशा खनिजांचे तयार स्फटिक असतात खरे, पण मुख्य ऐवज काचेचा असतो. दोन मिलिमीटरांहून लहान अशा या कणांना शास्त्रज्ञही राखच म्हणतात, तेव्हा मी एकट्याने शब्द बदलण्याचा आग्रह धरीत नाही. वाचकाने मात्र पुढील सर्व पृष्ठांत ‘राख’ या शब्दाच्या जागी मनातल्या मनात ‘काचेची पूड’ असे वाचीत जावे, एवढी विनंती आहे. लाकडाच्या राखेत क्षार हातात तयार मिळतात. या काचेत ते कुलूपबंद असतात, आणि त्या कुलपाला किल्ली लावण्याचे काम पाऊस, काळ आणि अरण्य या तिघांना मिळून करावे लागते.

हे काम कसे चालते ते पाहण्यासाठी मी जावा बेटाच्या पश्चिम भागातील गेदे आणि पांग्रांगो ही जुळी शिखरे निवडली. पांग्रांगोची उंची ३०१९ मीटर आणि गेदेची २९५८. पहिला केव्हाच निवाला आहे, दुसरा अजून धुमसतो. १७४७-४८ मध्ये त्याने मोठा उत्पात केला, एकोणिसाव्या शतकात तो वरचेवर राख ओकीत राहिला, आणि १९५७ नंतर मात्र गंधकाच्या वाफांवरच समाधान मानून आहे. जावाचे इतर पर्वत याहून दांडगे आहेत. मेरापीने १९३० मध्ये तेराशेंवर माणसे मारली आणि केलूदने १९१९ मध्ये पाच हजारांवर; त्या मानाने गेदे गृहस्थाश्रमी म्हणावा लागेल. परंतु मातीच्या अभ्यासकास असाच पर्वत हवा असतो, कारण ज्याचे अरण्य दर पिढीस भाजून निघते त्याच्या उतारावर मातीची बाल्यावस्थाच तेवढी दिसते आणि जो सर्वस्वी विझला त्याच्यावर वार्धक्यच. गेदे-पांग्रांगोच्या अंगावर या सर्व अवस्था एका दिवसाच्या चालीत भेटतात. शिवाय तेथील चिबोदासच्या उद्यानाची स्थापना तैस्मान या डच वनस्पतिशास्त्रज्ञाने १८५२ मध्ये केली, उद्यानाला लागून असलेले २४० हेक्टर रान १८८९ मध्येच राखीव झाले, आणि तेव्हापासून वनस्पतिशास्त्रज्ञांची तेथे अखंड ये-जा आहे. वर्षाला तीन ते चार हजार मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या त्या रानात कोणते झाड कोठे उभे आहे याचे दफ्तर पुष्कळ जुने आणि व्यवस्थित आहे. मातीचे दफ्तर तितके चोख नाही, पण तेही ठेवलेले आहे.

मराठी वाचकाने जावाच्या मातीचे पुस्तक का वाचावे, हा प्रश्न मला पुष्कळांनी विचारला आणि एका स्नेह्याने तर काहीशा तिरकसपणे विचारला. त्याचे उत्तर आपल्या पायाखालीच आहे. आपण महाराष्ट्राचे लोकही अग्निजन्य खडकावरच राहतो. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूमीला भेगा पडून जो लाव्हा थरावर थर पसरत गेला, त्याचा थिजलेला बेसॉल्ट म्हणजे सह्याद्रीचे कडे आणि दख्खनचे पठार. आणि त्याच बेसॉल्टची झीज होऊन आपली काळी माती झाली. जावाच्या उतारावरची मातीही काळीच आहे, तिचाही जन्म अग्नीतून आहे. कुळ एक, वर्ण एक. पण या दोन बहिणींच्या स्वभावांत इतके अंतर आहे की एकीला ओळखणाऱ्याची दुसरीपाशी हटकून फसगत व्हावी. आपली काळी पावसात फुगते आणि चैत्र-वैशाखात अशी भेगाळते की वासराचा पाय आत जावा. गेदेची माती भेगा म्हणून पडू देत नाही. आपली काळी नांगराला चिकटते, बैलाला दमवते, वजनाला जड. गेदेची हातात घेतली तर कोंड्यासारखी हलकी. आणि सर्वांत विलक्षण गोष्ट वर्णाची. आपल्या मातीचा काळेपणा पाहून तिच्यात कुजलेल्या पाल्याचे भांडार असावे असे परक्यास वाटते, पण तिच्यातला सेंद्रिय अंश बहुधा शेकडा एकाच्या आसपास घुटमळतो. तो रंग जितका चिकणमातीच्या जडणघडणीचा आहे तितका वनस्पतींचा नाही. गेदेच्या मातीचा काळेपणा मात्र अक्षरशः पानांचा आहे. वरच्या थरात सेंद्रिय कर्ब शेकडा पाच ते दहा, क्वचित त्याहूनही अधिक भरतो. एकीचा रंग कुळाचा, दुसरीचा कमाईचा.

येथे एक अवांतर गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. खरी ज्वालामुखीची राख महाराष्ट्रातही आहे, आणि ती आपल्या बेसॉल्टशी काडीचे नाते नसलेली, पाहुणी आलेली आहे. पुणे जिल्ह्यात कुकडी नदीच्या काठी बोरी या गावी नदीच्या गाळात तिचा थर सापडतो, तसाच कऱ्हेच्या खोऱ्यात मोरगावजवळही. सुमात्रा बेटावरील तोबा नामक प्रचंड ज्वालामुखीपासून ती वाऱ्यावर आली असे बहुतेक अभ्यासक मानतात. कोणत्या स्फोटात आली, पाऊण लाख वर्षांपूर्वीच्या की त्याहून पुष्कळ जुन्या, यावरचा वाद मात्र मिटलेला नाही. ज्यांच्या शेताशेजारी सुमात्राचा पर्वत येऊन निजला आहे त्यांना जावाच्या मातीची हकिकत अगदीच परकी वाटू नये.

आता त्या मातीकडे वळतो. काच ही स्फटिकाच्या तुलनेने विस्कळीत वस्तू, त्यामुळे पाण्यापुढे ती फार काळ टिकाव धरीत नाही. पावसाचे पाणी, पानांतून झिरपलेली आम्ले आणि उष्ण कटिबंधाची ऊब यांनी काचेतील सिलिका व ॲल्युमिनियम सुटे होतात आणि पुन्हा एकत्र येतात. पण घाईघाईने बांधलेल्या घराप्रमाणे ही नवी बांधणीही विस्कळीतच राहते. तिला ॲलोफेन म्हणतात. एका मिलिमीटरचे दहा लाख भाग कल्पिले तर त्यांतील चार-पाच भागांएवढ्या व्यासाचे पोकळ गोळे, भिंतीला सूक्ष्म छिद्रे पडलेले, असे तिचे स्वरूप आहे. तिच्या सोबतीला इमोगोलाइट नावाची, केसाहून कित्येक सहस्रपट बारीक अशी पोकळ नळी असते. ती जपानात १९६२ मध्ये प्रथम ओळखली गेली. या मातीला जे नाव जगभर रूढ झाले तेही जपानीच आहे: ‘अन्’ म्हणजे काळसर आणि ‘दो’ म्हणजे माती, त्यावरून अँडोसॉल.

पोकळ गोळ्यांच्या या संसारामुळेच तिचे सारे चमत्कार घडतात. एक लिटर मापाच्या डब्यात मावणारी जागची माती वाळवून तोलली तर ती नऊशे ग्रॅमांच्या आत, पुष्कळदा पाच-सहाशे ग्रॅमच भरते. आपली काळी त्याच मापात सव्वा किलोच्या खाली सहसा उतरत नाही. एक ग्रॅम ॲलोफेनचा आतबाहेरचा पृष्ठभाग उलगडला तर तो कित्येकशे चौरस मीटर होईल. म्हणून ती स्वतःच्या कोरड्या वजनाइतके, कधी त्याहून अधिक पाणी पोटात घेऊन वर कोरड्यासारखी दिसते. चिबोदासच्या वरच्या वाटेवर मी तिची मूठ भरली तेव्हा ती ओलसर भुशासारखी लागली. अंगठ्याखाली रगडली, तर क्षणार्धात साबणासारखी निसटली आणि बोटांवर पाणी उतरले. मूठ उघडली तर पुन्हा पहिल्यासारखी घट्ट. मातीने आपल्याला हसावे असा तो अनुभव होता. ओळख पटविण्याची एक सोपी रीतही आहे: फिनॉल्फ्थॅलिन लावलेल्या कागदावर चिमूटभर माती ठेवून सोडियम फ्लोराइडच्या द्रावणाचा थेंब सोडला की ॲलोफेन असल्यास कागद लाल होतो. पंचांगाइतकी खात्रीची नव्हे, पण रानात पुरेशी.

या मातीत एक दोष आहे, आणि या पुस्तकातील निम्मी प्रकरणे त्या दोषाभोवती फिरतात. ती पाण्याच्या बाबतीत जितकी उदार तितकीच स्फुरदाच्या बाबतीत कृपण आहे. तिच्यातील ॲल्युमिनियम व लोह फॉस्फेटला असे कवटाळतात की, प्रयोगशाळेत तिला फॉस्फेटचे द्रावण पाजले तर शेकडा पंच्याऐंशीपेक्षा अधिक अंश ती दाबून बसते. चिपानास गावाच्या बाजूस कोबी आणि गाजरे पिकविणारा शेतकरी खताची पोती रिती करतो आणि त्यांतले बरेचसे माती आपल्याच खाती जमा करून घेते. मग साठ मीटरपर्यंत चढणारे रसमालाचे वृक्ष अशा कंजूष सावकाराच्या दारात जगतात कसे? याचे उत्तर असे की, ते त्याच्या तिजोरीवर फारसे अवलंबून राहतच नाहीत. पान गळण्यापूर्वी झाड त्यातला स्फुरद बराचसा परत घेते. जे गळते ते जमिनीवर कुजत असतानाच मुळांना गुंडाळलेल्या बुरशीचे तंतू, विशेषतः ओक आणि चेस्टनट यांच्या कुळातील झाडांच्या, त्यातला अंश वरच्या वर उचलतात. खनिज मातीच्या हाती लागण्यापूर्वीच वसूल होतो. वसुलीची ही व्यवस्था एखाद्या जुन्या मामलेदारालाही हेवा वाटेल अशी आहे. आणि जो पाला कुजून मातीत मिसळतो त्याच्याशी ॲल्युमिनियमची गाठ पडून असे संयुग होते की जंतूंनाही ते सहजी खाता येत नाही. शतकानुशतके, क्वचित सहस्रावधी वर्षे ते तसेच राहते. काळेपणा येतो तो येथून. म्हणजे काच अरण्याला पाणी पुरविते, अरण्य काचेला रंग आणि रचना देते, आणि दोघांचा हिशोब असा गुंतलेला आहे की वाटणी करू गेल्यास दोन्ही पक्षांचे दिवाळे निघावे. झाडे तोडून ती जमीन उन्हात उघडी टाकली आणि ती एकदा हाडापर्यंत वाळली, तर ॲलोफेनचे गोळे परस्परांना असे चिकटतात की पुन्हा पाऊस पडूनही ती पूर्वीइतके पाणी धरीत नाही. तिची पूड होते आणि वाऱ्याबरोबर चालती होते.

प्रारंभ कसा होत असेल, हे मात्र गेदेवर पाहावयास मिळत नाही. त्यासाठी सुंदा सामुद्रधुनीत जावे लागते. ऑगस्ट १८८३ मध्ये क्राकाताऊचा स्फोट होऊन बेटाचा उरलेला भाग तप्त राखेखाली गाडला गेला. तीन वर्षांनी, १८८६ मध्ये, बोगोरच्या उद्यानाचा संचालक मेल्खियोर ट्र्यूब तेथे उतरला. त्याला राखेवर प्रथम दिसली ती नीलहरित शैवालाची बुळबुळीत साय, आणि त्या सायीवर उगवलेले नेचे: नेच्यांच्या अकरा जाती आणि सपुष्प वनस्पतींच्या पंधरा. बेटाच्या आतल्या भागात तर नेच्यांचेच राज्य होते. काचेच्या पुडीत नत्र मुळीच नसतो. तो हवेतून आणून देणारे पहिले मजूर म्हणजे ही शैवाले. पूर्व जावाच्या अधिक कोरड्या पर्वतांवर हेच काम चेमारा नावाचे सुरूचे पर्वतीय भावंड करते. मुळांवरच्या गाठींत जंतू पाळून ते नत्र मिळविते आणि वणव्यानंतरही पुन्हा फुटते. आपल्या कोकणच्या पुळणीवर जो सुरू लावलेला दिसतो त्याच घराण्यातले हे झाड आहे.

गेदेच्या अंगावर ओढ्याने कापलेली दरड असेल तेथे थांबून पाहावे, ही माझी वाचकास शिफारस आहे. वर काळा थर, त्याखाली पिवळसर तपकिरी, त्याखाली अकस्मात पुन्हा काळा, मग खड्यांचा, मग पुन्हा तपकिरी. प्रत्येक गाडलेला काळा थर म्हणजे एके काळची वरची जमीन, जिच्यावर रान होते आणि जी एका स्फोटात झाकली गेली. रोजकीर्दीसारखी ही नोंद तारीखवार आहे, फक्त पाने खालून वर वाचावयाची. जुन्या डच कारकिर्दीत जावाची माती पिंजून काढणारा मोर हा शास्त्रज्ञ मातीच्या वयाची बाल, तरुण, वृद्ध अशी परंपरा सांगत असे, आणि १९३८ मध्ये त्याने जावाच्या दाट वस्तीचे कारणही यातच शोधले: जेथे ज्वालामुखी वेळोवेळी ताजी, सिलिकेने फार न लादलेली राख टाकून मातीचे वय मागे खेचतात तेथे माणूस दाटीने राहू शकतो, बोर्निओत ते घडत नाही म्हणून तेथे विरळ. सिद्धांत थोडा अतिसुबक आहे. भातखाचरांचे पाणी, राज्यव्यवस्था आणि करवसुली यांचाही त्या दाटीत वाटा होता. पण पर्वताच्या पायथ्याशी, बोगोरच्या उष्ण बाजूस, जुनी राख तांबूस तपकिरी झालेली दिसते तेव्हा मोरचे म्हणणे खोडून काढणे सोपे जात नाही.

उताराच्या वनश्रीचे पट्टे पाडण्याचे श्रेय फ्रांत्स युंगहून या जर्मन वैद्याकडे जाते. त्याने साऱ्या जावाचे उंचीनुसार उष्ण, समशीतोष्ण, शीतल आणि शीत असे चार पट्टे केले आणि त्यांच्या सीमा ६५०, १५०० व २५०० मीटरांवर आखल्या. १८३९ मध्ये तो पांग्रांगोच्या माथ्यावर चढला तेव्हा त्याला तेथे गेंडे भेटले, आणि चढावयाची वाटही बहुतांशी गेंड्यांनीच पाडलेली होती. आज २४०० मीटरांवरच्या खिंडीत ‘कांदांग बादाक’, म्हणजे गेंड्यांचा गोठा, एवढे नाव उरले आहे. याच युंगहूनने पुढे सिंकोनाची लागवड हाती घेतली आणि नेमकी क्विनाइन कमी असलेली जात हजारोंनी लावली. १८६५ मध्ये लेजर नावाच्या व्यापाऱ्याकडून दुसरे बी मिळाले तेव्हा कोठे जावाचे क्विनाइन जगाच्या बाजारात सर्वश्रेष्ठ झाले. आपल्याकडेही महाबळेश्वरला लिंगमळ्यात, जांभ्याच्या जमिनीत, सिंकोना लावून पाहिला होता. तो जगला नाही. युंगहून १८६४ मध्ये लेंबांग येथे वारला. अखेरच्या घटकेस त्याने खिडकी उघडावयास सांगितली, पर्वतांचा निरोप घेण्यासाठी, असे सांगतात.

उद्यानाच्या वर रसमाला, ओक, चेस्टनट आणि ‘पुष्पा’ यांचे उंच रान लागते. रसमाला हे नाव संस्कृत वाटावे असे, आणि पुष्पा तर उघडच ‘पुष्प’. दोन्ही झाडे आपल्या ईशान्य भारतातही वाढतात. १५०० मीटरांच्या वर झाडांची उंची कमी होत जाते, जामूजूसारखे सूचिपर्णी कुळातले वृक्ष दिसू लागतात आणि शेवाळ खोडांना ओल्या घोंगडीसारखे लपेटते. या शेवाळात आणि नेच्यांच्या गड्ड्यांत राहणारा एक लांबलचक गांडूळ आवाज करतो असे तेथील लोक म्हणतात, आणि शास्त्रज्ञांनीही त्याच्या नावात ‘संगीत’ घातले. २४०० च्या वर खुजी, वाकडी झाडे, चांतिगीची लालसर कोवळी पालवी, आणि शेवटी २७५० मीटरांवरचे सूर्यकेंचाना हे पठार, ज्यावर राखाडी पानांचे जावाचे एडेलवाइस पसरलेले असते. विवराच्या काठावरची माती माती म्हणण्याच्या योग्यतेची नाही. कच्चे खडे, गंधकाची वाफ आणि तीतही तग धरणारी तीच चांतिगी. निसर्गशास्त्रज्ञ वॉलेस १८६१ मध्ये येथे आला आणि व्हायोलेट, बटरकप अशा थंड देशांतल्या फुलांना विषुववृत्ताजवळच्या एका शिखरावर पाहून त्याने हिमयुगाचा तर्क मांडला. येथील प्रिम्युला त्याने जगात याच शिखरावर वाढतो असे मानले होते. तो पूर्व हिमालयाकडेही आढळतो, हे नंतर ध्यानात आले.

पर्वतांच्या नावांविषयी एक शब्द. जावात सेमेरू आहे, ब्रोमो आहे, अर्जुनो आहे. मराठी वाचकास सुमेरू, ब्रह्मा आणि अर्जुन ओळखू येतीलच. ‘तंतू पांगेलारान’ या जुन्या जावी ग्रंथात कथा आहे की जावा बेट डळमळत होते, तेव्हा देवांनी जंबुद्वीपातून महामेरू उचलून आणला. पश्चिमेस ठेवला तर बेट कलले, म्हणून पूर्वेकडे नेला, आणि नेताना जे तुकडे गळले त्यांचे पर्वत झाले. स्थिरतेसाठी आणलेल्या त्याच पर्वतांनी बेटाला पुढे किती हादरविले हे त्या कथाकाराला ठाऊक नसेल असे मला वाटत नाही.

परिभाषेत मी तडजोड केली आहे. ॲलोफेन, इमोगोलाइट आणि अँडोसॉल यांना मराठी प्रतिशब्द घडविले असते, पण ते वाचून कोणालाच बोध झाला नसता. उलट पोयटा, मुरूम, चोपण असे शब्द मातीचा जिवंत अनुभव सांगतात म्हणून जेथे लागू पडतात तेथे तेच वापरले. झाडांची स्थानिक नावे सुंदा भाषेतली ठेवली आहेत. प्रकरणांचा क्रम चढणीचा आहे, शास्त्राचा नाही; ज्यांना मातीच्या रसायनाचा कंटाळा येईल त्यांनी तिसरे प्रकरण ओलांडून जावे, मात्र चौथ्यात स्फुरदाचा उल्लेख आला की माघारी फिरावे लागेल. पहिले प्रकरण चिबोदास उद्यानाच्या फाटकाशी सुरू होते. तेथे दुपारनंतर पाऊस येतो, म्हणून चढण पहाटेच धरलेली आहे.